सध्या काय वाचताय? – आईला वाचून दाखवताना

ओसरी

मागच्या धाग्यावर प्रतिसाद फार झाले, पान उघडायलाच वेळ लागतो, म्हणून नवा काढते. सध्या हातात काय आहे, उशाशी काय पडलंय आणि पुढे काय वाचायचं ठरवलंय, ते इथे लिहा. नुसती नावं नकोत. ज्या पानावर तुम्ही पुस्तक मिटून नुसते बसून राहिलात, ते पान सांगा.

सुरुवात माझ्यापासून.

गेला दीड महिना मी एकच पुस्तक वाचतेय आणि तेही मोठ्याने. आईचं वय ८१. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, पण आतल्या पडद्याची झीज झालीय, त्यामुळे ओळीच्या मधली अक्षरं तिला पुसल्यासारखी दिसतात. जेवणं झाली, ओटा पुसला की पुस्तक घेऊन कलंडायचं, हा तिचा साठ वर्षांचा नेम. वाचता येईना तशी ती गप्पच झाली. बोलायची, पण कामापुरतं. मग एका रात्री तिच्या गोळ्या झाल्यावर मी म्हटलं, सांग, काय वाचू? क्षणाचाही विचार न करता म्हणाली, 'स्मृतिचित्रे' काढ.

लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं. शाळेच्या पुस्तकात त्यातला एक धडा होता, कॉलेजात असताना संक्षिप्त आवृत्तीही वाचली होती. म्हणजे मला वाटत होतं की वाचली होती. मोठ्याने वाचायला घेतल्यावर कळलं की हे पुस्तक मुळात सांगितलेलं आहे. जिथे मला श्वास घ्यावासा वाटतो, तिथेच बाईंचं वाक्य संपतं. लग्नानंतर, ना. वा. टिळकांच्या हाताखाली, त्यांचा राग सोसत अक्षरं शिकलेली ही बाई. पण कुठेही शब्द शोधायला थांबलीय असं वाटत नाही.

सुरुवातीलाच त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन येतं. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना १८५७च्या बंडानंतर फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर जावयाच्या डोक्यात सोवळं शिरलं ते कायमचं. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची. मीठसुद्धा! मी हे वाचत होते आणि आई एकदम हसायला लागली. कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, "अगं, आमच्याकडे मीठ नाही, पण लाकडं धूत."

आईचं आजोळ पंढरपूरचं. मोळी आली की परसात सोडायची, वर दोन कळश्या पाणी ओतायचं, फरशीवर उन्हात वाळवायची, आणि मगच ती लाकडं सोवळ्याच्या चुलीला. पावसाळ्यात काही ती धड वाळायची नाहीत. मग ओल्या लाकडांच्या धुराने आजीचे डोळे दिवसभर लाल. हे सगळं मला पहिल्यांदाच कळलं. पुस्तक राहिलं बाजूला, त्या रात्री आम्ही अकरा वाजेपर्यंत तिच्या आजीच्या स्वयंपाकघरात होतो.

आता आम्ही पंढरपूरच्या भागात आहोत. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यानंतरची काही वर्षं लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नवऱ्यापासून दूर राहिल्या, ती पंढरपूरला. इथे आई मला भरभर वाचू देत नाही. पुढे काय लावावं ते ठरवायचंय. रमाबाई रानड्यांच्या आठवणी मनात आहेत. कानाने ऐकायला चांगलं असं आणखी काय आहे, सुचवा.

निवांत

रुमाल टाकून ठेवते, संध्याकाळी सविस्तर लिहीन. आईंना नमस्कार सांगा.

ग्रंथघर

वाचनखूण साठवली. आमचं तालुक्याच्या गावातलं 'ब' वर्गाचं वाचनालय आहे, तिथे मी बावीस वर्षं पुस्तकं देतोय-घेतोय. त्या अनुभवावरून एक सूचना करतो.

'स्मृतिचित्रे' घेताना आवृत्ती बघून घ्या. संक्षिप्त आणि शालेय आवृत्त्या पुष्कळ आहेत आणि मुखपृष्ठावर ते दरवेळी ठळक लिहिलेलं असतंच असं नाही. आमच्याकडे एक काका तीन वेळा पुस्तक नेऊन परत आणत होते; दर वेळी म्हणायचे, बालकवींचं प्रकरण यात नाही. शेवटी त्यांना संपूर्ण प्रत मिळवून दिली. बालकवी ठोंबरे नगरला टिळकांच्या घरी राहिले होते आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखं वागवलं. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले, तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. ते प्रकरण वाचल्याशिवाय 'स्मृतिचित्रे' वाचलं असं म्हणू नये, हे माझं मत.

आणखी एक. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या, रमाबाई रानडे १९२४ साली. त्यामुळे त्यांचं लेखन आता मोकळं आहे. कुणाला मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करायचं असेल तर बिनधास्त करा. आमच्याकडे दृष्टी गेलेले चार वाचक आहेत, त्यांच्यासाठी असं काही तयार झालं तर मी स्वतः घरोघरी नेऊन देईन.

सातासमुद्रापार

ग्रंथघर, हे मी करतेच आहे! आई नाशिकला, मी कॅनडात. माझी रात्र म्हणजे तिची सकाळ. झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं वाचून व्हॉट्सॲपवर पाठवते, ती सकाळी भाजी निवडताना ऐकते. सध्या हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' चालू आहे. त्याच नावाच्या १९५९च्या चित्रपटात त्या होत्या आणि आईने तो थिएटरात पाहिला होता, म्हणून हट्टाने तेच. पुस्तक १९७०चं. किती उघड, किती न लपवता सांगितलंय! श्याम बेनेगलांचा 'भूमिका' यावरूनच आला हे ठाऊक होतं, पण पुस्तकातली बाई मला चित्रपटातल्या बाईपेक्षा जास्त थकलेली वाटली. दोन ठिकाणी माझाच आवाज फुटला. ते तसंच पाठवलं. पुसलं नाही.

निवांत

आले. ओसरी, 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' मी मागच्याच आठवड्यात संपवलं, तेव्हा ताजं आहे.

न्यायमूर्ती गेले १९०१ साली, पुस्तक आलं १९१०मध्ये. लग्नात रमाबाई अकरा वर्षांच्या आणि रानडे एकतिसाचे. ते बायकोला शिकवणार आणि घरातल्या बायका त्यावरून तिला रोज टोचून बोलणार. दिवसा एक शाळा, रात्री दुसरी. मी थांबले तो प्रसंग सांगते. एकदा घरातल्यांच्या धाकाने त्यांच्या हातून रानड्यांना न रुचणारं वागणं घडलं. रानडे रागावले नाहीत, ओरडले नाहीत. नुसते बोलेनासे झाले. रात्री त्यांच्या तळपायांना तूप चोळायचा रिवाज होता. ती चोळत बसली. आता बोलतील, मग बोलतील. ते 'पुरे' सुद्धा म्हणाले नाहीत.

रमाबाईंनी हे नवऱ्याचा मोठेपणा म्हणून लिहिलंय, मला ते वाचताना पोटात तुटलं. पण पुन्हा वाचलं तेव्हा एक लक्षात आलं. तीस-पस्तीस वर्षांनंतरही तिला त्या रात्रीचा एकेक क्षण आठवतोय. काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे तिच्या हातात होतं, आणि तिने ते ठेवलं.

आईंना नक्की आवडेल. भाषा साधी आहे आणि प्रकरणं बेताची.

कातळसडा

मी रत्नागिरीकडचा. सध्या 'आयदान' तिसऱ्यांदा वाचतोय आणि या वेळी पेन्सिल घेऊन. उर्मिला पवारांचं हे आत्मकथन २००३ साली आलं. 'आयदान' म्हणजे आमच्याकडे बांबूच्या कामट्यांपासून विणलेल्या वस्तू. रोवळी, सूप, टोपल्या. त्यांची आई सतत आयदानं विणत बसलेली असायची, त्यावर घर चालायचं. ते विणणं आणि आपलं लिहिणं एकाच धाग्याचं आहे असं त्या म्हणतात, आणि पुस्तक खरोखरच तसं आहे. सरळ रेषेत जात नाही. एक कामटी इथे वर येते, मग दडते, दहा पानांनी पुन्हा दिसते.

सुरुवातीलाच गावातल्या बायका डोक्यावर लाकडाच्या मोळ्या, गवताचे भारे घेऊन डोंगर चढून-उतरून रत्नागिरीच्या बाजाराला जातात. त्या वाटेवरची त्यांची बोलणी, थट्टा, शिव्या, एकमेकींच्या सासवांच्या गोष्टी. मी त्या वाटेच्या आसपास वाढलो. आता तिथून गाडी वीस मिनिटांत जाते. मागच्या मे महिन्यात मुद्दाम एक टप्पा चाललो, पाठीवर पाण्याची बाटली एवढंच ओझं, तरी घामाघूम. डोक्यावर मोळी घेऊन हे रोजचं.

मोठ्याने वाचायला याच्यासारखं पुस्तक नाही. बोली आली की जीभ आपोआप वळते.

पुढचा बेत: त्यांनी मीनाक्षी मून यांच्याबरोबर लिहिलेलं 'आम्हीही इतिहास घडवला'. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गावोगाव जाऊन भेटून लिहिलेलं. प्रत शोधतोय.

ग्रंथघर

कातळसडा, आमच्याकडे आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

माणदेशी

बरेच दिवस नुसतं वाचत होते इथे, लिहीत नव्हते. आज लिहिते.

मी सध्या शांताबाई कांबळ्यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' वाचतेय. महूद, सांगोला तालुका. आमच्या गावापासून लांब नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या पहिल्या दलित शिक्षिका. १९८६ साली पुस्तक आलं. त्याच वर्षी फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आलं. दोघी एकाच वर्षी, आणि दोघींनीही आपापल्या बोलीचा हात सोडला नाही.

ओसरीताई, तुमचं लाकडं धुण्याचं वाचलं आणि मी उठून कपाटातून 'जिणं आमुचं' काढलं. कारण तीच लाकडं तिथे आहेत. फक्त दाराच्या बाहेरून. मोळी विकायला आलेल्या महार बायकांना ब्राह्मणाघरची बाई दुरून बजावते की लाकडं नीट बघून रचा, एखादा केस किंवा लुगड्याचा दोरा चिकटून आत आला तर घर बाटेल. आणि रानातून काटे तुडवून लाकूड आणलेल्या त्या बायका उन्हात उभ्या राहून एकेक लाकूड फिरवून बघतात, मग रचतात.

माझी आजी मोळ्या विकायची. तिच्या डोक्याच्या मधोमध केस विरळ झाले होते, चुंबळीच्या जागी. लहानपणी मी तिथे तेल लावायची.

तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. तुमच्या आईंची आठवण फार खरी आहे म्हणूनच लिहिलं. तुम्ही पुढे काय लावू म्हणून विचारलंत. जमलं तर हे लावा.

पिंपळपार

माणदेशी, तुमचा प्रतिसाद मनापासून पटला. तरी एक शंका मांडतो. ८१ वर्षांच्या, नजर अधू झालेल्या बाईला तिच्या आजीच्या घराची एक गोड आठवण सापडली आहे. तिला आता हे ऐकवून काय साधणार? आपण वाचावं, आपण विचार करावा. त्यांना रमाबाई ऐकू द्याव्यात. माझ्या वडिलांच्या शेवटच्या वर्षी मी त्यांना त्यांच्या आवडीचंच वाचून दाखवलं, आणि त्याचं मला समाधान आहे.

जुनी_वही

पिंपळपार, तुमच्या भावनेचा आदर ठेवून असहमत. म्हातारं माणूस म्हणजे काचेचं भांडं नव्हे. ज्या बाई 'स्मृतिचित्रे' मागतात, त्यांनी लक्ष्मीबाई स्वतः सोवळ्यातून कशा बाहेर आल्या ते वाचलेलं आहे. जात माणसाने केली हे ज्या रात्री त्यांच्या मनात उमगलं आणि त्यांनी ठरवलं की आजपासून कुणाच्याही हातचं खायचं, ते त्याच पुस्तकात आहे. आई ते ऐकणारच आहेत. मग दाराबाहेरच्या बाईचं का नको?

बेबीताईंनी कसं लिहिलं तेही सांगायला हवं. त्यांचं छोटं दुकान होतं. पुड्या बांधायला येणाऱ्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या. गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायचं आणि वह्या घरच्यांना दिसणार नाहीत अशा दडवून ठेवायच्या, असं जवळजवळ वीस वर्षं. मॅक्सीन बर्नसन या फलटणला राहणाऱ्या विदुषींनी ते लेखन उजेडात आणायला मदत केली. वीस वर्षं दडवलेलं लिखाण आपण 'कुणाला त्रास नको' म्हणून पुन्हा दडवायचं का?

अवांतर: मी सध्या ताराबाई शिंदे वाचतेय, 'स्त्रीपुरुष तुलना'. १८८२, बुलढाणा. स. गं. मालशे यांनी १९७५मध्ये पुन्हा छापेपर्यंत हे पुस्तक जवळजवळ विसरलं गेलं होतं. दर दोन पानांनी उठून येरझाऱ्या घालाव्या लागतात, इतकी ती बाई तळमळून बोलते. आमच्याकडे बायकांनी लिहिलेलं फार नाही असं म्हणणाऱ्यांनी हे आणि ज्योतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा १८५५चा 'ज्ञानोदय'मधला निबंध वाचावा.

पिंपळपार

वह्या दडवल्याचं मला माहीत नव्हतं. शब्द मागे घेत नाही, पण विचार करतो.

सातासमुद्रापार

माणदेशी, तुमच्या आजीच्या डोक्याला तेल लावल्याचं वाचून मी बराच वेळ बसून राहिले. लिहीत राहा इथे.

ओसरी

दहा दिवस उत्तर दिलं नाही, क्षमस्व. सगळे प्रतिसाद वाचत होते.

माणदेशी, खरं सांगते, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर पहिल्यांदा मला राग आला. तुमचा नव्हे. त्या रात्री मी किती हसले होते, त्याचा. लाकडं धुतात म्हणजे किती गंमत, असं मी ऑफिसातही दोघींना सांगितलं होतं. मोळी आली की परसात सोडायची. मोळी 'आली'! कुणाच्या डोक्यावरून आली हे मी विचारलंच नव्हतं.

पुस्तक मागवलं. घरी आल्यावर तीन रात्री नुसतं टेबलावर ठेवलं. चौथ्या रात्री आईनेच विचारलं, ते नवीन कसलं? मी सांगितलं. लाकडांचं पानही सांगितलं, आणि ऐकायचंय का विचारलं. म्हणाली, वाच की.

मी ते पान वाचलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं झोपली. मी पुस्तक मिटणार तेवढ्यात म्हणाली, "तेवढं परत वाच, दोऱ्याचं." परत वाचलं.

मग ती उठून बसली. म्हणाली, "आमच्याकडे यायची ती उंच होती. चुंबळ हिरव्या लुगड्याची. मोळी टाकली की लगेच जायची नाही, खाली बसून एकेक लाकूड हातात घेऊन फिरवून बघायची. मी ओसरीवरून बघायची. मला वाटायचं ती लाकडं मोजतेय. मी पण तिच्याबरोबर मोजायची. तिला आकडे येतात की नाही ते बघत."

बराच वेळ काही बोलली नाही. मी पाणी दिलं. ते हातात धरून म्हणाली, "आजी तिला पाणी वरून घालायची ओंजळीत. ती पिऊन झालं की तोंड पुसत माझ्याकडे बघून हसायची." आणि मग, "नाव आठवत नाही गं. आठवत नाही म्हणजे, त्या घरात कुणी घेतलेलं मी ऐकलंच नाही. मोळीवाली आली, एवढंच."

त्या रात्री तिला झोप लागली नाही. मलाही नाही. पिंपळपार, तुमची शंका माझ्याही मनात होती, म्हणून सांगते, सकाळी चहा घेताना मी विचारलं की हे बंद करू या का? ती म्हणाली, "बंद कशाला? पुढे त्या बाईचं काय झालं?" बेबीताईंबद्दल विचारत होती की हिरव्या लुगड्यातल्या बाईबद्दल, मला कळलं नाही. मी बेबीताईंबद्दल सांगितलं. फलटणजवळ निंबुरे गावात त्यांनी मुलांसाठी आश्रमशाळा चालवली, २०१२ साली गेल्या. "म्हणजे मी तेव्हा वाचू शकत होते," एवढंच म्हणाली.

आता वेळापत्रक असं ठरलंय. रोज आधी 'जिणं आमुचं'मधली पाच-सहा पानं, मग 'स्मृतिचित्रे'. क्रम तिने लावलाय. लक्ष्मीबाईंचं पंढरपूर संपलं, आता टिळकांकडे परत निघाल्या आहेत.

माणदेशी

ओसरीताई, आईंना सांगा, माझ्या आजीचं नाव सोना होतं. तिला शंभरापर्यंत आकडे येत होते. पैसे मोजून घ्यायची, चुकायची नाही.

ओसरी

सांगितलं. तिने दोनदा म्हणून बघितलं.

कातळसडा, 'आयदान' मला महिनाभराने लागेल. बोलीतले शब्द अडले तर इथेच विचारीन. रोवळी माहीत आहे, आईला विणताही येते म्हणे, ते आजच कळलं. ग्रंथघर, तुमच्या चार वाचकांसाठी मी 'स्मृतिचित्रे' पहिल्या पानापासून फोनवर मुद्रित करायला घेते. मध्येमध्ये आईचा आवाज येईल. तो काढू नका.